कोण कुठे उभा होता : फ्लँडर्स ते ओर्स

रविवार : ईपर

ईपरमध्ये सगळं जुनं दिसतं आणि जुनं जवळजवळ काहीच नाही. चौकातला क्लॉथ हॉल मध्ययुगीन म्हणून दाखवतात, पण पहिल्या महायुद्धाच्या चार वर्षांत तोफांनी त्या हॉलचा आणि सगळ्या गावाचाच चुरा केला होता. आज उभी आहे ती नक्कल, आणि तीही पुरी व्हायला १९६७ उजाडलं. आम्ही दुपारी रेल्वेने पोचलो, सामान टाकलं आणि थेट चौकात आलो. जोडी तशी विजोडच. मी आले ती कवींसाठी, दाजी आले तोफांसाठी. ते आर्टिलरीतून निवृत्त झालेत. "सुट्टीत कबरी बघत हिंडायचं असेल तर तुम्ही दोघंच जा," असं सांगून ताईने आधीच अंग काढून घेतलं होतं.

संध्याकाळी मेनिन गेट. पहिल्या महायुद्धात ईपरच्या आसपास मेलेल्या आणि ज्यांचं थडगं कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं या कमानीच्या भिंतींवर कोरलेली आहेत. भारतीय पलटणीही आहेत त्यात. एवढी मोठी कमान, तरी जागा पुरली नाही. ऑगस्ट १९१७ नंतरच्या बेपत्ता ब्रिटिश सैनिकांची नावं दुसरीकडे, टाइन कॉटच्या दफनभूमीत कोरावी लागली. रोज रात्री ८ वाजता रहदारी थांबवतात आणि बिगूल वाजतो. १९२८ पासून हा नेम आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात गाव होतं तेवढाच खंड. सप्टेंबर १९४४ मध्ये गाव सुटलं त्याच संध्याकाळी बिगूल पुन्हा वाजला. दाजी सावधानमध्ये उभे. मी गर्दीकडे बघत होते.

या कमानीवर सिग्फ्रीड ससून किती चिडला होता, ते मी दाजींना जेवताना सांगितलं. ससून स्वतः खंदकात लढलेला, शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळालेला अधिकारी. जुलै १९२७ मध्ये कमानीचं उद्घाटन झालं आणि त्याने लगेच तिच्यावर कविता लिहिली. इतक्या माणसांना चिखलात घालून वर त्यांच्या नावाची ही मिरवणूक, असा तिचा सूर. चिखलातले मेलेले उठतील आणि या गुन्ह्याच्या थडग्याची टर उडवतील, असं तो म्हणतो.

"ज्याचा मुलगा सापडलाच नाही, त्याला हात फिरवायला एक नाव तरी मिळालं," दाजी म्हणाले. "तुमचा ससून जिवंत परत आला होता."

मला उत्तर सुचलं नाही. पण या प्रवासात मला जे तपासायचं होतं ते नेमकं इथूनच सुरू होतं. युद्धाने कवी घडवले, हे वाक्य आपण सहज बोलतो. मला ते ढोबळ वाटतं. युद्ध सगळ्यांना एकच नव्हतं. कोण अधिकारी होता, कोण साधा शिपाई, कोण डॉक्टर, कोण तोफेवर. कुणाला उंचावरून मैदान दिसत होतं आणि कुणाला फक्त समोरची मातीची भिंत. कविता त्यावर ठरली. आपल्याकडे लढाईचं कवन म्हटलं की शाहीर आठवतो, आणि लढणारा एक, गाणारा दुसरा अशी वाटणी आपण धरूनच चालतो. इथे दोघं एकच.

सोमवार : कालव्याच्या काठाने

भाड्याच्या सायकली घेतल्या. ईपरहून उत्तरेकडे कालव्याच्या कडेने सपाट रस्ता जातो. तासाभरातच एसेक्स फार्म आलं. इथे बांधाच्या पोटात काँक्रीटच्या ठेंगण्या खोल्या आहेत. जखमींना पहिली मलमपट्टी करायचं हे ठाणं. आत वाकून जावं लागतं, भिंती ओलसर, आणि एका खोलीत दोन स्ट्रेचर ठेवले तर डॉक्टरला उभं राहायला जागा उरणार नाही. जॉन मॅक्रे हा कॅनडाचा डॉक्टर १९१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत इथे होता तेव्हा हे काँक्रीटही नव्हतं, बांधात खणलेली बिळं होती. २२ एप्रिलला जर्मनांनी इथून जवळच क्लोरीन वायू सोडला. २ मे रोजी मॅक्रेचा तरुण मित्र लेफ्टनंट अ‍ॅलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने मेला आणि पाद्री जागेवर नसल्याने मॅक्रेनेच अंत्यविधीचे शब्द म्हटले. त्यानंतर जी कविता झाली, तिच्यामुळे खसखशीचं लाल फूल साऱ्या इंग्रजी जगात युद्धातल्या मृतांची खूण बनलं. त्या फुलाचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि माती उकरली गेली की रुजतं. गोळ्यांनी आणि कबरींनी इथली माती किती उकरली होती ते सांगायला नको. हेल्मरची कबर मात्र पुढच्या माऱ्यात नाहीशी झाली. काल पाहिलेल्या कमानीवर त्याचं नाव आहे.

मॅक्रेची कविता अवघ्या १५ ओळींची. पहिली दोन कडवी मेलेल्यांची: काल-परवापर्यंत आम्ही जगत होतो, सूर्यास्त बघत होतो. तिसऱ्या कडव्यात तेच मेलेले एकदम हुकूम सोडतात, शत्रूशी आमचं भांडण आता तुम्ही पुढे चालवा. कॅनडात युद्धकर्जाच्या जाहिरातींवर या कवितेचा उपयोग झाला तो या कडव्याच्या जोरावर. मला ते कडवं खटकत आलंय. दाजींना तेच सगळ्यात खरं वाटलं, आणि त्यांनी कारणही दिलं. मॅक्रे बोअर युद्धात तोफखान्यात अधिकारी होता, आणि इथेही तो तोफखान्याच्या ब्रिगेडचाच डॉक्टर होता. "पहिली दोन डॉक्टरची, तिसरं गनरचं," दाजी म्हणाले. हे पटलं. आवडलं नाही, पण पटलं. मॅक्रे १९१८ च्या जानेवारीत फ्रान्समध्येच न्यूमोनियाने वारला.

पुढे बुझिंगे गावाजवळ आर्टिलरी वुड ही दफनभूमी. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या या दफनभूमींचा एक शिरस्ता आहे. भिंतीत लहानशी पितळी दाराची पेटी असते, तिच्यात नोंदवही. नाव शोधायचं, रांग आणि क्रमांक बघायचा, चालू लागायचं. सगळे दगड एकाच मापाचे, जनरल असो की शिपाई. इथे दोन कवी आहेत आणि दोघंही एकाच दिवशी, ३१ जुलै १९१७ ला, पासनडेलच्या लढाईच्या पहिल्या दिवशी मेले.

त्यातला एलिस इव्हान्स हा वेल्समधला मेंढपाळ. कवी म्हणून तो हेध विन हे नाव लावायचा आणि वेल्श भाषेतच लिहायचा. घरातून एकाला जावं लागणार होतं, धाकट्या भावाच्या ऐवजी हा गेला. वेल्समध्ये आइस्टेथव्हॉद नावाचं काव्यसंमेलन भरतं आणि छंदोबद्ध दीर्घकाव्याला बक्षीस म्हणून खुर्ची मिळते. खरीखुरी, कोरीव लाकडाची. हेध विनने फ्रान्समध्ये आघाडीच्या वाटेवर असताना 'वीर' या विषयावरची आपली कविता टोपणनावाने टपालात टाकली. सप्टेंबरमध्ये बर्कनहेडला संमेलन भरलं, पंतप्रधान लॉइड जॉर्ज समोर बसलेले. विजेत्याचं टोपणनाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मग सांगण्यात आलं की कवी सहा आठवड्यांपूर्वी मारला गेला. रिकाम्या खुर्चीवर काळं कापड घातलं. आता यातला जो धागा मला इथे येईपर्यंत नीट जाणवला नव्हता तो असा: ती खुर्ची कोरणारा कारागीर युजीन व्हानफ्लेटेरेन हा बेल्जियममधून जीव वाचवून इंग्लंडात आलेला निर्वासित होता. म्हणजे फ्लँडर्सच्या माणसाने वेल्श कवीसाठी तिकडे खुर्ची केली आणि कवी फ्लँडर्सच्या मातीत राहिला. ती खुर्ची आजही त्याच्या शेतघरात आहे.

दुसरा फ्रान्सिस लेडविज, आयर्लंडचा. त्याचं दुखणं अधिक गुंत्याचं. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांतला हा माणूस जर्मनीविरुद्ध लढायला ब्रिटिश सैन्यात गेला. तुर्कस्तानातलं गॅलिपोली झालं, सर्बिया झालं. १९१६ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला उठाव झाला आणि त्याचा मित्र, कवी टॉमस मॅकडोना, याला ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या. ज्या गणवेशाने मित्राला मारलं तोच याच्या अंगावर. लेडविजने मित्रावर विलापिका लिहिली आणि तिच्यात ना बंदूक आहे ना डब्लिन. पाणपक्षी आहे, पाऊस आहे, मार्च महिन्यातली डॅफोडिल्स आहेत. मला वाटतं, त्याला उघडपणे बोलायला जागाच नव्हती. म्हणून सगळा राग निसर्गात जाऊन बसला आणि कविता टिकली. रस्त्याचं काम करताना चहाला थांबले होते, तेव्हा गोळा पडला.

दुपारी लांगेमार्क. वाटेत ज्या चढावासाठी लाखो माणसं मेली तो चढ आम्ही सायकलवरून पार केला आणि मला तो कळलासुद्धा नाही. दाजी थांबून मागे बघत होते. "इथून सगळं तळहातावर आहे. ओपीला एवढी उंची पुरते." ओपी म्हणजे तोफगोळे कुठे पडतात ते बघून सुधारणा सांगणाऱ्याची जागा. चिखलाचंही कोडं त्यांनी सोडवलं: इथली माती चिकण, पाणी वरच लागतं, आणि शेतकऱ्यांनी शतकानुशतकं राखलेले चर हेच काय ते पाणी वाहून नेणारे. हल्ल्याआधीच्या भडिमारात ते चर फुटले, ३१ जुलैच्या संध्याकाळी पाऊस लागला, आणि मैदानाचं तळं झालं.

लांगेमार्क जर्मनांची दफनभूमी. ओकची झाडं, जमिनीला टेकलेले दगड, ४४,००० हून अधिक माणसं, त्यातली जवळजवळ २५,००० एकाच सामायिक कबरीत. कवी अर्न्स्ट श्टाडलर या भागात मेला, ईपरच्या आग्नेयेला झान्डव्होर्डजवळ, ३० ऑक्टोबर १९१४ ला, इंग्रजी गोळ्याने. ऑक्सफर्डला शिकलेला, फ्रेंच कवींचे जर्मनमध्ये अनुवाद करणारा अल्सासचा माणूस. ज्यांची भाषा आणि साहित्य आपलंसं केलं, त्यांच्यावरच त्याला तोफा डागाव्या लागल्या.

मंगळवार : नव शापेल आणि लोस

सकाळपासून रिपरिप. गाडी भाड्याने घेतली आणि सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आलो.

नव शापेलचं भारतीय स्मारक चौरस्त्याला लागून आहे. सांचीची आठवण करून देणारं दगडी जाळीचं वर्तुळाकार कुंपण, मधोमध उंच स्तंभ, दोन वाघ. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं, ज्यांचं थडगं नाही अशांची. मार्च १९१५ च्या इथल्या लढाईत भारतीय कोअरच्या मेरठ आणि लाहोर डिव्हिजन होत्या. गढवाली, गुरखे, पंजाबी, पठाण, डोगरा. आपल्या मराठा पलटणींचं मुख्य युद्ध इथलं नव्हे. त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या कुतला शरण गेली ती पुणे डिव्हिजनच. दाजी तरीही एकेक नाव वाचत अर्धा तास फिरले. पाऊस चालूच.

इथे कवींचं नाव शोधून सापडायचं नाही. पण कविता होती, आणि ती कशी कळते ते मला या अख्ख्या विषयातलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं. भारतीय सैनिकांची पत्रं तपासायला सेन्सॉर बसवला होता. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, लेखनिकाला सांगून पत्र लिहून घ्यायचं. सेन्सॉरचं खातं त्यातले उतारे इंग्रजीत उतरवून वर पाठवायचं. मूळ पत्रं बहुतेक गेली, ते उतारे तेवढे लंडनला राहिले. १९१५ च्या सुरुवातीला सेन्सॉरच्या मुख्य अधिकाऱ्याने आपल्या अहवालात एक नोंद केली: जखमी भारतीय सैनिक पत्रांत कविता करू लागलेत, आणि हे मनःस्वास्थ्य ढळल्याचं लक्षण वाटतं, काळजीची बाब आहे. एडिंबराच्या इस्पितळात ब्रिटिश अधिकाऱ्याने कविता केली तर डॉक्टर त्याला बरं होण्याचं लक्षण समजत (ते शुक्रवारी येईलच); इथे शिपायाने केली तर तो धोक्याचा कंदील. आणि सेन्सॉरच्या नजरेतून सुटायला या माणसांनी जी भाषा शोधली ती तर कवितेचीच. एका पत्रात मजकूर आहे की काळी मिरी सगळी संपली, आता तांबडी मिरी वापरतात. काळी म्हणजे आपली माणसं, तांबडी म्हणजे गोरे. घरच्यांना सांगायचं की इकडे कुणाला पाठवू नका, आणि तपासणाऱ्याला वाटावं की रसदीबद्दल चाललंय. सेन्सॉरला अर्थातच कळलं, म्हणून तर आपल्यापर्यंत आलं.

"आमच्या वेळीही पत्रं उघडायचे," दाजी म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

लोस तिथून जवळच. कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचे दोन काळे डोंगर लांबूनच दिसतात. डड कॉर्नरच्या दफनभूमीच्या भिंतींवर २०,००० हून अधिक बेपत्तांची नावं, त्यात सफोक रेजिमेंटच्या यादीत कॅप्टन चार्ल्स सॉर्ली. १३ ऑक्टोबर १९१५ ला डोक्यात गोळी लागून मेला तेव्हा २० वर्षांचा होता. युद्ध सुरू झालं तेव्हा तो जर्मनीतच शिकत होता. ट्रियरला काही तास कोठडीतही काढले. त्यामुळे जर्मन माणूस त्याला राक्षस वाटणं शक्यच नव्हतं, आणि त्याने सुरुवातीलाच जर्मनीला उद्देशून लिहिलं की आपण दोघंही आंधळे आहोत. कवी रूपर्ट ब्रूकच्या देशभक्त सुनीतांनी इंग्लंड भारावून गेलं असताना या पोराने पत्रात लिहिलं होतं की ब्रूकला स्वतःच्याच त्यागाचं फार कौतुक आहे. ब्रूकच्या वाट्याला खंदकातलं युद्ध फारसं आलंच नाही, गॅलिपोलीच्या वाटेवर जहाजावर रक्तदोषाने गेला. सॉर्लीच्या सामानात मेल्यावर एक सुनीत सापडलं. स्वप्नात मेलेल्यांच्या फौजा दिसल्या तर त्यांच्याशी गोड बोलू नका, स्तुती करू नका, रडू नका; ते बहिरे आहेत, आंधळे आहेत. ज्या भिंतीवर त्याचं नाव कोरलंय, तिच्यासमोर हे आठवणं जरा अडचणीचंच होतं.

बुधवार : आरास

आरासच्या दक्षिणेला आन्यी गाव. दफनभूमी घरांच्या मागे लपलेली, गवतातल्या वाटेने जायचं. लहानशी, झाडांनी वेढलेली. सेकंड लेफ्टनंट पी. ई. टॉमस.

एडवर्ड टॉमस माझा लाडका, हे आधीच सांगून टाकते. पोट भरण्यासाठी वर्षानुवर्षं परीक्षणं आणि प्रवासाची पुस्तकं लिहून थकलेला माणूस. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टने डोक्यात भरवलं की तू कविता लिही. डिसेंबर १९१४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने सुरुवात केली आणि दोन वर्षांत दीडशेच्या आसपास कविता लिहून काढल्या. म्हणजे युद्ध सुरू होण्याआधी तो कवीच नव्हता. आणि गंमत अशी की जानेवारी १९१७ मध्ये फ्रान्सला जायला निघाल्यावर कविता जवळपास थांबली. तिथे त्याने रोजनिशी लिहिली. त्याच्या कवितेत खंदक नाही, तोफ नाही. इंग्लंडमधल्या रानात फुलं तशीच राहिली आहेत, कारण प्रेयसींसोबत ती खुडायला यायची ती पोरं यंदा नाहीत. चार ओळींची कविता, १९१५ च्या ईस्टरची. युद्ध तिच्यात गैरहजेरीच्या रूपाने आहे. याला युद्धकवी म्हणायचं का? मी तर त्याला पहिल्या ओळीत बसवीन.

दाजींचं त्याच्याकडे लक्ष वेगळ्या कारणाने वेधलं. टॉमस अवजड तोफांच्या २४४ सीज बॅटरीत होता. ९ एप्रिल १९१७, ईस्टरचा सोमवार, आरासच्या लढाईचा पहिला दिवस; सकाळी तो ओपीवरच मारला गेला. आदल्याच दिवशी एक गोळा त्याच्यापासून दोनच यार्डांवर पडून फुटला नव्हता. मी दाजींना त्याची रोजनिशी मोबाइलवर वाचून दाखवली. पाखरांच्या नोंदी, हवा, गोळ्यांचे आवाज, सगळं एकाच सपाट सुरात.

"हे ओपीचं लॉगबुक आहे," ते म्हणाले. "दिसलं ते लिहायचं. वाटलं ते नाही." मग थोड्या वेळाने, "पाखरं मात्र आम्ही लिहिली नाहीत कधी."

त्याच्या कवितेतला तो आवाज न चढवणारा नेमकेपणा सैन्यात येण्याआधीचा आहे, हे मला माहीत होतं. नकाशावाचन शिकवणारा प्रशिक्षक म्हणून त्याला घेतलं तेही त्या नजरेमुळेच. तेव्हा युद्धाने त्याला नजर दिली असं म्हणण्यात अर्थ नाही. युद्धाने त्याला घाई दिली.

दुपारी बरोबर उलटा माणूस. शहराच्या ईशान्येला, उघड्या शेतांत, रस्त्याला लागून बेयुल रोड ईस्ट दफनभूमी. आयझॅक रोझेनबर्ग, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू घरातला, चित्रकार, साधा शिपाई. देशासाठी गेला नाही; सैन्यात गेलं की आईला भत्ता मिळतो म्हणून गेला. उंची इतकी कमी की ठेंगण्या माणसांसाठी काढलेल्या पलटणीत भरती झाली. ससून, विल्फ्रेड ओवेन, रॉबर्ट ग्रेव्हज हे कवी अधिकारी. त्यांना हुज्या होता, मेणबत्ती होती, आडोसा होता. हा ओझी वाहायचा आणि हाताला लागेल त्या कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून बहिणीला पाठवायचा, ती टाइप करायची. त्याची खंदकातल्या पहाटेवरची कविता आहे. तिचा नायक उंदीर. तो आत्ता या इंग्रज हाताला चाटून गेला, थोड्या वेळाने मधलं गवत ओलांडून जर्मन हाताला जाईल. या उंदराच्या मनात भेदभाव नाही हे वरिष्ठांना कळलं तर त्याला गोळी घालतील. अधिकारी माणसांकडे बघून कळवळतो, कारण त्यांची जबाबदारी त्याच्यावर आहे. रोझेनबर्गवर कुणाचीच जबाबदारी नाही. तो जमिनीच्या पातळीवर आहे आणि उंदराशी बरोबरीने बोलतो. करुणा नाही, थट्टा आहे. मला ही कविता ओवेनच्या कुठल्याही कवितेहून जास्त धीट वाटते.

१ एप्रिल १९१८ ला तो मारला गेला. दगडावर लिहिलंय की तो या जागेच्या जवळपास पुरलेला आहे. म्हणजे खात्री नाही. नावाखाली चित्रकार आणि कवी अशी नोंद आहे आणि डेव्हिडची चांदणी. समोरून ट्रक जातात.

गुरुवार : सॉम

सॉमबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटपते. १ जुलै १९१६, एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० हताहत, त्यातले १९,२४० मृत. तिएपव्हालची वास्तुकार लट्यन्सने बांधलेली अवाढव्य कमान आम्ही पाहिली. ७२,००० हून अधिक नावं. तिथे बसगाड्या भरून शाळेची मुलं आली होती आणि वही-पेन्सिल घेऊन आडनावं शोधत होती.

मामेत्झ गावाबाहेर डेव्हनशर पलटणीची दफनभूमी आहे, खरं तर त्यांचाच खंदक. त्यातून ते बाहेर पडले आणि मेलेले तीन दिवसांनी त्यातच पुरले गेले. इथल्या एका कॅप्टनने हल्ल्याआधी मातीचा नकाशा करून दाखवलं होतं की समोरच्या मशीनगनपुढे आपण उघडे पडू. तसंच झालं. याच पलटणीतला लेफ्टनंट विल्यम नोएल हॉजसन. त्याची कविता २९ जूनला छापून आली, तिचा शेवट 'देवा, मला मरायला मदत कर' असा. दोन दिवसांनी मेला. कविता म्हणून ती मला सामान्य वाटते. वाचताना हात थांबतो तो तारखेमुळे, आणि कवितेला हे श्रेय द्यावं की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

मामेत्झच्या रानासमोर काटेरी तारा तोडणारा लाल ड्रॅगन उभा आहे, वेल्श सैनिकांचं स्मारक. डेव्हिड जोन्स, शिपाई, इथे पायाला गोळी लागून पडला. पलटण हेध विनचीच, १५वी रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स. पण जोन्सचं पुस्तक आलं १९३७ मध्ये. अर्धं गद्य, अर्धं पद्य, शिपायांच्या शिव्या आणि वेल्श पुराणकथा एकात कालवलेल्या. वीस वर्षं मुरवल्याशिवाय काहींना बोलता येत नाही.

शुक्रवार : ओर्स

ओर्स हे ल कातोजवळचं चिमुकलं खेडं. रानाच्या कडेला वनरक्षकाचं घर आहे. ते आता बाहेरून आतून पांढरं करून स्मारक केलंय, छप्पर पालथ्या घातलेल्या पुस्तकासारखं. तळघर तेवढं होतं तसं ठेवलंय. विटांची बुटकी कमान, पायऱ्यांवर ओल. ३१ ऑक्टोबर १९१८ च्या रात्री विल्फ्रेड ओवेनने इथून आईला शेवटचं पत्र लिहिलं. धुराने डोळे चुरचुरताहेत, माणसं दाटीवाटीने बसून हसताहेत, इथे काही धोका नाही. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सांब्र कालवा ओलांडताना तो मेला. कालवा एवढासा आहे की पलीकडच्याला हाक मारली तर ऐकू जाईल. दाजींनी काठावरून दोन्ही बाजू पाहिल्या आणि मान हलवली. "पलीकडे मशीनगन, इकडे आडोसा नाही, आणि हे तराफे जोडत बसलेत."

सात दिवसांवर शस्त्रसंधी होती. श्रूजबरीत घंटा वाजत असताना आईवडिलांच्या हातात तार पडली.

ओवेनचं सगळं मोठं काम सव्वा वर्षात झालं. १९१७ च्या वसंतात तो मनाने कोसळला. स्फोटाने उडाला होता, मग कितीतरी दिवस एका सहकाऱ्याच्या अवशेषांशेजारी पडून काढले होते. त्याला एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात पाठवलं. तिथले डॉक्टर आर्थर ब्रॉक यांचा उपाय म्हणजे काम: रुग्णाला पुन्हा जगाशी जोडायचं, भीतीला टाळायचं नाही. त्यांनी ओवेनला लिहायला लावलं, इस्पितळाच्या 'हायड्रा' नियतकालिकाचं संपादन त्याच्याकडे आलं. जुलैच्या अखेरीस ससून तिथे रुग्ण म्हणून आला. युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय असं जाहीर पत्रक त्याने काढलं होतं, आणि कोर्ट मार्शल करण्यापेक्षा वेडा ठरवणं सरकारला सोयीचं होतं. त्याने ओवेनच्या कवितांवर पेन्सिल चालवली. वायुहल्ल्यावरची ओवेनची ती प्रसिद्ध कविता इथलीच. तिच्यात मध्येच कवी सांगतो की हा गुदमरणारा माणूस मला रोज स्वप्नात दिसतो. पूर्वी मी ते कवितेचं तंत्र समजत होते. तो त्याच्या आजाराचा नोंदलेला भाग होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याच्याकडे पाठ फिरवू नकोस.

मग बरा होऊन परत का गेला? यावर आमचं जुंपलं. ऑक्टोबरमधल्या पत्रात त्याने स्वतः लिहिलंय की मी या पोरांना मदत करायला आलो: अधिकारी म्हणून पुढे राहून, आणि त्यांचे हाल पाहून, म्हणजे वकिलासारखं त्यांच्या वतीने बोलता येईल. मी म्हटलं, कवितेसाठी गेला. दाजी म्हणाले, "पलटणीसाठी गेला. कविता हे घरी सांगायचं कारण."

टागोर इथेही आहेत. १९२० मध्ये ओवेनच्या आईने त्यांना पत्र लिहिलं. शेवटचा निरोप घेताना मुलाने 'गीतांजली'तल्या, जाताना हा माझा निरोपाचा शब्द असू दे, या ओळी म्हटल्या होत्या. त्याची खिशातली वही परत आली तिच्यात त्या लिहिलेल्या होत्या, खाली टागोरांचं नाव. हे सगळं त्या बाईने एका परक्या देशातल्या कवीला कळवलं.

ओवेनची कबर गावच्या स्मशानात, मागच्या कोपऱ्यात. आईने दगडावर त्याच्याच कवितेतली ओळ निवडली: जीवन या देहांना पुन्हा नवं करील का? खरोखर, तो सारा मृत्यू पुसून टाकील. मूळ कवितेत हे दुसरं वाक्यही प्रश्नच आहे. पुढे अश्रू पुसण्याबद्दल आहे, मग प्रश्नचिन्ह, आणि त्यानंतर धरित्री स्वतः उत्तर देते की नाही, माझे व्रण कुणी गौरवाने भरणार नाही आणि माझे अश्रू, म्हणजे समुद्र, आटणार नाहीत. मुलाने नाही म्हटलं होतं, दगड हो म्हणतो.

दाजींना हे सांगितलं तर ते खाली बसून बोटाने अक्षरं मोजू लागले. कुटुंबाच्या मजकुरासाठी मोकळ्या जागा धरून ६६ अक्षरांची मर्यादा असायची आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जायचे, हे त्यांनी कुठल्याशा दफनभूमीच्या फलकावर वाचलं होतं. खालची आद्याक्षरं सोडून ओळ भरली ६५. "बघ, पुढचं बसणारच नव्हतं. उगाच आईला दोष देऊ नकोस."

"अहो दाजी, पण ६५ झाली ना? प्रश्नचिन्हाला एक घर लागतं. ते बसलं असतं."

त्यांनी पुन्हा मोजलं. ६५च.

"मग तिने सोडलं," ते म्हणाले. "तिला हवं ते तिने लिहिलं. तिचा मुलगा होता, तुझा कवी नंतर." मला हे अजून मान्य नाही. ल कातोच्या स्टेशनवर गाडीला पाऊण तास होता, तो सगळा यातच गेला.